पळसाची पानं, कडुनिंबाच्या काड्या

प्रश्न : मावशी, मी एका कंपनीत हिशेबाचं काम करते. दिवसभर स्क्रीन, घरी आल्यावर मोबाइल. डोकं शांत व्हावं म्हणून भरतकामाचं आणि मॅक्रमेचं तयार किट मागवलं. दोन्ही भराभर संपवली आणि पुन्हा तीच धावपळ. झाडापानांच्या जवळ नेणारं, हाताने करण्यासारखं काही सुचवाल का?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : अगं, किटमध्ये सगळं मोजून, कापून दिलेलं असतं, मग ते संपवायचीच घाई होते. तुला असं काम हवं, ज्याचं सामान झाड देईल तेव्हाच मिळतं. माझं ऐक, पत्रावळी लावायला शीक.

सुरुवात काड्यांपासून कर. फाल्गुनात कडुनिंब झडतो, तेव्हा पानं गळून गेलेल्या बारीक काड्या झाडाखाली पडलेल्या असतात. त्या वेचून ठेव, टाके याच काड्यांचे घालायचे. राजवाड्यावर रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते त्या सुमारास महू-चोरलकडे पळस फुललेला असतो, पण अंगावर पान नसतं. पानांसाठी वैशाखापर्यंत थांबावं लागतं. पैसे टाकून ती लवकर येत नाहीत, आणि मला या कामात हे थांबणंच सगळ्यात मोलाचं वाटतं.

बांधावरचा पळस बघून शेतमालकाला विचार. एकच फांदी ओरबाडू नकोस. राळामंडळ अभयारण्य आहे, तिथलं पान तोडायचं नाही. पळसाला पानं तीनच, हे तुला माहीत आहेच. आता ती हातात घेऊन बघ. मधलं मोठं आणि दोन्ही बाजूंनी सारखं, कडेची दोन जरा तिरपी. मोठं पान पत्रावळीच्या मधे घ्यायचं, तिरपी भोवतीने लावायची. कोवळं पान फाटतं, फार जून झालेलं दुमडताना चिरतं. हाताला चिवट लागेल असं निवड.

दोन पानांच्या कडा एकमेकींवर चढव, काडी वरून खाली घाल, पुन्हा वर काढ, उरलेली मोडून टाक. काडी शिरेला आडवी गेली तर टाका धरतो, शिरेच्या बाजूने गेली तर पान उभं फाटतं. बोटांना हे कळायला वेळ लागतो, लागू दे. दोन्ही हात गुंतलेले असतात, त्यामुळे मोबाइल आपोआप बाजूला पडतो.

झालेल्या पत्रावळी सावलीत एकावर एक रचून वर पाट आणि वजन ठेव, म्हणजे वाळताना वाकड्या होत नाहीत. चातुर्मासात पळसाच्या पानावर जेवायचा नेम धरलास तर याच उपयोगी पडतील. वाढण्याआधी मात्र पाण्याने ओल्या कर, वाळकं पान मोडतं.

यासाठी वर्ग शोधू नकोस. रामबागेतल्या जुन्या घरांत चौकशी कर. ज्यांनी लग्नाच्या पंगतींसाठी पत्रावळी लावल्या अशा आज्या भेटतील. संध्याकाळी पानं घेऊनच जा आणि त्यांच्या शेजारी बस. त्यांचे हात बघून लवकर येईल.