गाईडमधला जेपी ४ बोर्डवर नाहीच? आधी रेव्हिजन बघा, बोर्ड परत पाठवू नका

तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला. गाईडमध्ये जेपी ४ जंपर (शेजारच्या दोन पिना जोडणारी छोटी टोपी) २-३ वर टाका असं लिहिलंय पण बोर्डवर जेपी ४ नावाचं काहीच नाही, टर्मिनलवर (बोर्डकडून येणारा मजकूर दाखवणाऱ्या कॉम्प्युटरवरच्या खिडकीत) एकतर काहीच येत नाही नाहीतर नुसता कचरा येतो, आणि छोटा ओलेड डिस्प्ले आय टू सीवर (डेटा आणि क्लॉक अशा दोन लाइनींच्या बसवर) सापडत नाही. आणि शेवटी म्हणताय की बहुतेक बोर्डच खराब निघाला, परत पाठवून देतो. थोडं थांबा. तुमच्या हातातला बोर्ड एका रेव्हिजनचा (आवृत्तीचा) आणि समोर उघडलेली पीडीएफ दुसऱ्याच रेव्हिजनची, अशी मला दाट शंका येतेय, आणि तसं असेल तर कोड पन्नास वेळा बदललात तरी हाती काही लागणार नाही.

म्हणून कोड बंद करा आणि बोर्ड उलटा करून बघा. कडेला किंवा मागच्या बाजूला रेव्ह बी, व्ही १.२ असं काहीतरी बारीक अक्षरात छापलेलं असतं. मग पीडीएफच्या शेवटच्या पानांवर जा, तिथे बहुतेक वेळा रेव्हिजन हिस्टरीचं टेबल असतं, कुठल्या आवृत्तीत काय बदललं ते. हे टेबल फार कमी लोक वाचतात आणि अर्धी उत्तरं तिथेच असतात. रेव्हिजन बदलल्याने काय होतं त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे २०१२ मधला पहिला रास्पबेरी पाय. पहिल्या रेव्हिजनमध्ये ३ आणि ५ नंबरच्या पिनांवर आय टू सी बस ० होती, दुसरी रेव्हिजन आली आणि त्याच पिनांवर बस १ आली, शिवाय १३ नंबरच्या पिनवरचा जीपीआयओ (कोडमध्ये त्या पिनला वापरायचा नंबर) २१ जाऊन २७ झाला. बोर्ड दिसायला तोच, पिना त्याच जागी, पण जुनं गाईड वाचून बस ० स्कॅन करणाऱ्याला तिथे काहीच सापडायचं नाही.

आता विश्वास कुणावर ठेवायचा. माझा क्रम ठरलेला आहे: सगळ्यात आधी प्रत्यक्ष बोर्डवरचं तांबं, म्हणजे मल्टीमीटर काय सांगतो ते. मग त्याच रेव्हिजनचं स्कीमॅटिक (सर्किटचा नकाशा), कारण बोर्ड त्यावरूनच बनतो. त्यानंतर उदाहरणाचा कोड, कारण तो कुणीतरी एकदा तरी चालवून बघितलेला असतो. युझर गाईड त्याच्याही नंतर, आणि क्विक स्टार्टचं ते एक पानी चित्र अगदी शेवटी, कारण ते बऱ्याचदा आधीच्या बोर्डवरून कॉपी केलेलं असतं.

हा क्रम मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. एका रेफरन्स बोर्डवर २० पिनांचा दोन ओळींचा हेडर होता, गाईडच्या चित्रात पिन १ ला ५ व्होल्ट आणि पिन २ ला ग्राउंड. मी तसंच जोडलं. पॉवर सप्लायची करंट लिमिट १०० मिलीअँपिअरला ठेवायची सवय होती म्हणून वाचलो, चालू केल्या केल्या सप्लाय लिमिटमध्ये गेला आणि व्होल्टेज ०.७ वर येऊन बसलं. ०.७ दिसलं की समजायचं, एरवी बंद असणारा कुठलातरी डायोड वाहायला लागलाय, म्हणजे बहुतेक पोलॅरिटी उलटी आहे. सगळं काढलं, मीटर बीपवर (दोन जागा जोडलेल्या असल्या की वाजतो त्या सेटिंगवर) टाकला, एक प्रोब ग्राउंडच्या टेस्ट पॉइंटवर धरला आणि विसाच्या वीस पिना एकेक करून तपासून वहीत लिहिल्या. गाईडप्रमाणे ग्राउंड होते २, ८, १४ आणि २० वर. बीप वाजला १, ७, १३ आणि १९ वर. प्रत्येक जोडी उलटी! चित्र बोर्डच्या खालच्या बाजूने बघून काढलं होतं आणि तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं. तेव्हापासून नवीन बोर्ड आला की चौकोनी पॅड शोधतो (पिन १ चा पॅड बहुतेक वेळा चौकोनी असतो), ग्राउंड पिना मोजतो, आणि त्या गाईडशी जुळल्याशिवाय पॉवर देत नाही. दहा मिनिटं लागतात.

तुमच्या जेपी ४ बद्दल. नंतरच्या रेव्हिजनमध्ये जंपर काढून त्या जागी शून्य ओहमचा रेझिस्टर (म्हणजे नुसता कायमचा जोड) बसवतात किंवा नंबर बदलतात, हे नेहमीचं आहे. त्यामुळे स्कीमॅटिकमध्ये जेपी ४ शोधत बसू नका, त्या जंपरवर जो सिग्नल येतो त्याचं नाव शोधा, नंबर बदलतो पण सिग्नलचं नाव सहसा तेच राहतं. तुम्ही लिहिलंय त्यावरून हा पॉवर कुठून घ्यायची ते ठरवणारा जंपर वाटतोय, तर यूएसबी लावून ३.३ व्होल्टची रेल (पुरवठ्याची लाइन) मोजा. साधारण ३.१४ ते ३.४७ च्या मध्ये असेल तर निवड आधीच बरोबर झालेली आहे, जंपरचा विषय सोडून द्या.

टर्मिनलचं बघू. 'काहीच नाही' आणि 'कचरा' हे दोन वेगळे आजार आहेत, एकत्र धरू नका. काहीच येत नसेल तर पहिली केबल बदला, नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या वायरी नसतात आणि बोर्डवरचा दिवा मात्र मस्त लागतो. कॉम्प्युटरला पोर्ट दिसतोय का बघा, लिनक्सवर पोर्ट दिसूनही परवानगी नाही म्हणत असेल तर युझरला डायलआउट ग्रुपमध्ये टाकून लॉगआउट करून परत या, लॉगआउट केल्याशिवाय ते लागू होत नाही. वेगळा यूएसबी-सिरीयल अडॅप्टर वापरत असाल तर टीएक्स (पाठवणारी) आणि आरएक्स (घेणारी) लाइनची अदलाबदल करून बघा, कारण छापलेलं 'टीएक्स' बोर्डच्या बाजूने म्हटलंय की अडॅप्टरच्या, हे प्रत्येक जण आपल्या मनाने ठरवतो. दोन्हीकडे ३.३ व्होल्टच असेल तर मध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर टाकून बिनधास्त बदला, दोन टीएक्स समोरासमोर आले तरी ३.३ मिलीअँपिअरच्या वर करंट जाणार नाही. अडॅप्टर ५ व्होल्टचा असेल तर मात्र आधी तो बदला.

कचरा येत असेल तर बघा की दर रीसेटला तोच कचरा येतोय की वेगळा. दर वेळी वेगळा असेल तर बहुधा ग्राउंड जोडलेला नाही. तोच तोच येत असेल तर बॉड रेट (डेटाचा वेग) चुकतोय, आणि सेटिंगमध्ये ११५२०० ठेवूनही चुकत असेल तर क्रिस्टल (चिपच्या घड्याळाला ठोका देणारा पार्ट) बघा. ईएसपी ८२६६ या वायफाय चिपचं हेच आहे, आतला बूट रॉम (चालू होताच चालणारा पक्का प्रोग्राम) ४० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल धरून ११५२०० लावतो, बहुतेक बोर्डवर असतो २६ चा, मग प्रत्यक्षात येतात ११५२०० गुणिले २६ भागिले ४०, म्हणजे बरोबर ७४८८०. तुमच्याही बोर्डवरच्या क्रिस्टलच्या डबीवर आकडा छापलेला असेल, तो भिंगातून वाचा आणि कोडच्या कॉन्फिगमधल्या आकड्याशी ताडून बघा. वाचता येत नसेल तर सेकंदाला एकदा लुकलुकणारा एलईडीचा प्रोग्राम टाका आणि घड्याळ लावून ६० वेळा मोजा. ६० ऐवजी ९२ सेकंद लागले तर तुमच्याकडेही ४० च्या जागी २६ बसलाय.

डिस्प्लेचं तर मला जवळजवळ नक्की वाटतंय. एसएसडी १३०६ (ओलेड चालवणारी चिप) वाल्या पुष्कळ मॉड्यूलच्या मागे पत्ता हेक्स ७८ किंवा ७ए असा छापलेला असतो, तो आठ बिटांचा, म्हणजे शेवटचा वाचा-लिहा बिट धरून. लायब्ररीला हवा असतो सात बिटांचा, म्हणजे ३सी किंवा ३डी. ७८ ला दोनाने भागा, हेक्समध्ये ३सी येतो. आधी पत्ता ३सी टाकून बघा, तरी नाही सापडला तर बस शांत असताना डेटा आणि क्लॉक दोन्ही लाइन मोजा, ३.३ च्या आसपास हव्यात. शून्याजवळ तरंगत असतील तर पुल-अप (लाइन वर ओढून धरणारे रेझिस्टर) बसवलेलेच नाहीत, स्कीमॅटिकमध्ये त्या रेझिस्टरांपुढे डीएनपी लिहिलेलं असेल, म्हणजे जागा ठेवलीय पण पार्ट लावलेला नाही. ४.७ किलोओहमचे दोन लावून टाका.

आणि एक कळकळीने सांगतो, जी चूक सापडेल ती बोर्ड बनवणाऱ्यांना लिहून कळवा. 'तुमचं गाईड चुकीचं आहे' एवढंच लिहू नका, त्यावर कुणी काही करू शकत नाही. डॉक्युमेंटचा नंबर आणि आवृत्ती, पान, तिथे काय छापलंय, बोर्डवर काय मिळालं, कसं मोजलं, आणि बोर्डच्या रेव्हिजनचा स्वच्छ फोटो, एवढं दिलं तर समोरच्याला पाच मिनिटांत पडताळता येतं. तोवर आपल्या पीडीएफमध्ये त्याच पानावर नोट टाकून ठेवा, सहा महिन्यांनी तोच बोर्ड परत काढाल तेव्हा आठवणार नाही.

आत्ता मला चार गोष्टी सांगा: बोर्डवर छापलेली रेव्हिजन, पीडीएफची आवृत्ती, ३.३ च्या रेलवर मोजलेलं व्होल्टेज, आणि क्रिस्टलवरचा आकडा. गाईडच्या चित्रात जेपी ४ जिथे दाखवलाय त्या जागेचा जवळून फोटोही टाका, शून्य ओहमचा रेझिस्टर असेल तर कुठल्या दोन पॅडवर बसलाय ते त्यात दिसेल.