नेताजींना घेऊन आलेली आय-२९: आधी काय झालं, नंतर काय झालं

तुमचे प्रश्न दोन आहेत. नेताजींना हिंदी महासागरातून घेऊन आलेली जपानी पाणबुडी नेमकी कोणती, आणि ती "लगेच पुढच्या फेरीत बुडाली" हे खरं का? दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: खरं नाही. त्यानंतर ती सव्वा वर्ष जगली आणि मधल्या काळात पार फ्रान्सपर्यंत जाऊन आली. पण २३ जानेवारीच्या भाषणासाठी माहिती हवी आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून थोडं मागून सुरू करतो. या पाणबुडीचं आधीचं आयुष्य मुंबईशी बांधलेलं आहे आणि ते सहसा कुणी सांगत नाही.

पाणबुडी आय-२९. योकोसुकाला बांधली, फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानी नौदलात दाखल झाली. लांबी जवळजवळ १०९ मीटर. अंदाज यावा म्हणून सांगतो, आपल्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली आजची कलवरी साधारण ६७ मीटरची आहे. पुढच्या बाजूला सहा टॉर्पेडो नळ्या, डेकवर तोफ, आणि मनोऱ्याच्या पुढे चक्क एका छोट्या विमानासाठी खोली. पंख दुमडून ठेवलेलं हे विमान बाहेर काढायचं, जोडायचं, उडवायचं, आणि परत आलं की पाण्यातून उचलून घ्यायचं. मे १९४२ मध्ये आय-२९ च्या विमानाने सिडनी बंदराची टेहळणी केली होती. त्याच महिन्याच्या अखेरीस जपानच्या बुटक्या पाणबुड्या त्या बंदरात घुसल्या.

मग ती हिंदी महासागरात आली. सप्टेंबर १९४२ मध्ये तिने लागोपाठ काही मालवाहू जहाजं बुडवली. ते फार लांबवत नाही, कारण सांगायची गोष्ट नोव्हेंबरातली आहे.

'तिलावा' नावाची ब्रिटिश इंडिया कंपनीची आगबोट २० नोव्हेंबर १९४२ ला मुंबईहून पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेकडे निघाली. बोटीवर साडेनऊशेच्या आसपास माणसं. बहुतेक प्रवासी हिंदी, त्यात गुजराती कुटुंबं खूप. कुणी मोम्बासाला दुकानावर परत चाललेलं, कुणी नवऱ्याकडे. तळाच्या कोठारात दक्षिण आफ्रिकेच्या नाण्यांसाठी ६० टन चांदी. २३ तारखेच्या पहाटे, सगळे झोपेत असताना पहिला टॉर्पेडो लागला. लोक होड्यांत उतरले, काही पाण्यात पडले. बोट लगेच बुडाली नाही. ती तरंगतेय हे पाहून काही जण परत चढले. त्यानंतर दुसरा टॉर्पेडो आला आणि तिलावा गेली.

२८० माणसं मेली. ब्रिटिश क्रूझर बर्मिंगहॅमने आणि कार्थेज नावाच्या जहाजाने ६७८ जणांना वाचवलं. बर्मिंगहॅम त्यांना घेऊन २७ नोव्हेंबरला परत मुंबईला आली. ज्या धक्क्यांवरून आठवड्यापूर्वी निरोप दिला होता, तिथेच नातेवाईक आता कोण उतरतंय ते बघत उभे राहिले असतील. बॅलार्ड पिअरच्या बाजूने जाताना मला हे चित्र दरवेळी आठवतं. ती चांदी २०१७ मध्ये अडीच किलोमीटर खोलीवरून वर काढली, तिच्यावरून ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला गेला. चांदीच्या बातम्या सगळीकडे आल्या. माणसांची आठवण मात्र इतकी वर्षं त्यांच्या घरच्यांनीच जपली आहे.

तिलावावर टॉर्पेडो सोडणारी पाणबुडी आय-२९ होती. कप्तान जुइची इझू. पाच महिन्यांनी नेताजींना घ्यायला गेली तेव्हाही पाणबुडी हीच आणि कप्तानही हाच.

आता ती भेट. नेताजी आणि त्यांचे सहकारी आबिद हसन ९ फेब्रुवारी १९४३ ला जर्मनीतल्या कील बंदरातून यू-१८० या जर्मन पाणबुडीतून निघाले. अडीच महिने डिझेलच्या वासात काढले. वाटेत १८ एप्रिलला यू-१८० ने 'कॉर्बिस' हे ब्रिटिश तेलवाहू जहाज बुडवलं तेव्हाही दोघे आतच होते. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मादागास्करच्या आग्नेयेला दोन्ही पाणबुड्या भेटल्या, पण समुद्र इतका खवळलेला की जवळ येणं अशक्य. वाट पाहावी लागली. शेवटी दोर टाकून, रबरी होडीतून, चिंब भिजत दोघे पलीकडे पोचले. उलट दिशेने तोमोनागा आणि एमी हे दोन जपानी नौदल अधिकारी यू-१८० वर गेले, आणि बर्लिनच्या जपानी वकिलातीसाठी सुमारे दोन टन सोनंही गेलं.

या मोहिमेवर आय-२९ च्या पाणबुडी-तुकडीचे प्रमुख तेराओका जातीने बोटीवर हजर होते. त्यांनी पाहुण्यांना स्वतःची खोली दिली. खलाशांनी निघण्याआधी पेनांगच्या बाजारातून हिंदी मसाले आणून ठेवले होते. जर्मन डबाबंद जेवणानंतर तो तिखट रस्सा कसा लागला असेल! २९ एप्रिलला सम्राटाचा वाढदिवस बोटीवरच साजरा झाला. मेच्या सुरुवातीला ते सुमात्राच्या टोकाशी साबांगला उतरले, खलाशांबरोबर फोटो काढला, आणि तिथून विमानाने टोकियो. जुलैत सिंगापूर, ऑक्टोबरात आझाद हिंद सरकार. हा भाग तुम्हाला माहीत आहेच.

त्याच जुलैत, १२ तारखेला, आय-२९ ने एडनच्या आखातात 'रहमानी' बुडवली. तीही मुंबईच्याच मोगल लाइनची आगबोट. म्हणजे नेताजींना उतरवल्यावर ही पाणबुडी "आपली" झाली, असं अजिबात नाही. तिचं युद्ध जपानचं होतं आणि तिला समोर दिसत होतं ते ब्रिटिश निशाणाचं जहाज. आत कोण झोपलंय हा प्रश्न तिथे कुणी विचारत नव्हतं.

पुढे कप्तान बदलला. ताकाकाझू किनाशी आले. आय-१९ वर असताना 'वास्प' ही अमेरिकन विमानवाहू नौका बुडवणारे तेच हे. डिसेंबर १९४३ मध्ये सिंगापूरहून रबर, टंगस्टन, कथील, क्विनीन भरून निघाले आणि ११ मार्च १९४४ ला फ्रान्समधल्या लोरियाँला पोचले. महिनाभराने परत निघाले ते जर्मनीच्या नव्या रॉकेट आणि जेट विमानांची रेखाटनं आणि सुटे भाग घेऊन. १४ जुलैला सिंगापूर गाठलं. युरोपपर्यंत जाऊन इतकं परत येणंही मोठंच होतं: अशा मोहिमांवर निघालेल्या पाच जपानी पाणबुड्यांपैकी फक्त आय-८ मायदेशी पोचली.

आय-२९ चा घात रेडिओने केला. तिच्या येण्याजाण्याचे सांकेतिक संदेश अमेरिकनांनी पकडून उलगडले होते. २६ जुलै १९४४ ला फिलिपिन्समधल्या लुझॉन बेटाच्या उत्तरेला, बालिंतांग खाडीत अमेरिकन पाणबुडी 'सॉफिश' दबा धरून बसली होती. आय-२९ पाण्यावरून चालली होती. चार टॉर्पेडो सुटले, तीन लागले. एकच खलाशी पोहत किनाऱ्याला लागला. जेटच्या काही कागदांसह इवाया नावाचे अधिकारी सिंगापूरलाच उतरून विमानाने पुढे गेले होते, म्हणून ते आणि ते कागद वाचले. यू-१८० ही पुढच्याच महिन्यात बिस्केच्या उपसागरात सगळ्यांसकट नाहीशी झाली.

भाषणात तिलावाचा परिच्छेद जरूर घ्या. त्याने नेताजींचं काही कमी होत नाही. मुलांना एवढं तरी कळेल की त्या मसालेदार जेवणाच्या बोटीवरच, पाच महिन्यांपूर्वी, मुंबईहून निघालेल्या बायकापोरांवर टॉर्पेडो भरले गेले होते.

आणि भेटीची एकच तारीख लिहू नका, "एप्रिलअखेर" लिहा. वेगवेगळ्या ठिकाणी एकदोन दिवसांचा फरक दिसतो. जर्मन बोट बर्लिनच्या घड्याळावर चालायची आणि जपानी टोकियोच्या, त्यामुळे एकाच क्षणाला दोन्ही नोंदवह्यांत वेगळी वेळ, कधी वेगळी तारीखही पडायची.