‘धोक्याचे भाकीत’ की ‘जोखमीचा अंदाज’?

चोपड्याहून एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या धाकट्या भावाला मल्टिपल स्क्लेरोसिस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूवर आणि मज्जारज्जूवर उलटते तो आजार) आहे आणि त्यावरचं नॅटलिझुमॅब हे औषध सुरू आहे. मराठी माहितीपत्रकात ‘मेंदूच्या संसर्गाच्या धोक्याचे भाकीत’ असा मथळा आहे. तो ऐकताच आईने निवडायला घेतलेलं ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, “आते कसं व्हई?” ताईंचा प्रश्न : हे मराठी बरोबर आहे का?

व्याकरणात चूक नाही, ताई. पण आई घाबरली ती या शब्दांनीच, आणि तिन्ही शब्द बदलता येतात.

भाकीत वर्तवतात. आखाजी (अक्षय्य तृतीया) आली की भेंडवळच्या घटमांडणीचं पीकपावसाचं भाकीत गावोगाव विचारलं जातं, आणि एकदा वर्तवलं की वर्षभर तेच. डॉक्टरांचं काम रावेरकडच्या केळीच्या व्यापाऱ्यासारखं आहे. तो बागेत शिरतो, खोडाची जाडी बघतो, घडाच्या फण्या मोजतो, लागवड कधीची ते विचारतो आणि मग माल किती भरेल ते सांगतो. त्याला आपण अंदाज म्हणतो. भावाच्या बाबतीतही तीन गोष्टी बघतात : मेंदूचा हा संसर्ग ज्याने होतो त्या जेसी विषाणूच्या अँटिबॉडी रक्तात आहेत का आणि किती, औषध किती काळ चाललंय, आणि पूर्वी प्रतिकारशक्ती दाबणारी दुसरी औषधं झाली होती का. अँटिबॉडी नसतील तर मेंदूचा हा संसर्ग १०,००० जणांत एखाद्याला, किंवा त्याहूनही कमी. अँटिबॉडीचा इंडेक्स (त्या किती आहेत याचं माप) १.५ च्या वर असेल आणि पूर्वी तशी औषधं झालेली नसतील, तर औषधाच्या तिसऱ्या वर्षी हजारात साधारण ३, सहाव्या वर्षी हजारात १० च्या आसपास. आज निगेटिव्ह असलेला माणूस पुढे पॉझिटिव्ह होऊ शकतो, म्हणून दर ६ महिन्यांनी रक्त पुन्हा तपासतात आणि अंदाज नव्याने बांधतात.

आता ‘धोका’. आपल्याकडे “त्याने धोका दिला” म्हणजे फसवलं. शिवाय धोका एकतर असतो किंवा नसतो, त्याचं माप कानाला ऐकू येत नाही. ‘जोखीम’ मात्र जळगावच्या सराफ बाजारात रोजच्या बोलण्यातली. “सोबत जोखीम आहे, रात्रीची गाडी नको,” असं म्हणणाऱ्याच्या पिशवीत दागिने असतात. मौल्यवान वस्तू आणि तिच्यापायी येणारी काळजी, दोन्हींना हा एकच शब्द. धोका टाळायचा असतो. जोखीम माणूस काही मिळवण्यासाठी समजून-उमजून पत्करतो, आणि ती कमीही करता येते. भावाचं औषध आजाराचे झटके आवरतं, म्हणून जोखीम पत्करायची. आणि काही रुग्णांना दर ४ आठवड्यांऐवजी ६ आठवड्यांनी डोस देऊन ती कमी करतात. मला इथे हाच शब्द हवा.

‘संसर्ग’ शब्दाने घरचे ताटवाटी वेगळी करतील, अशी मला भीती वाटते. हा जेसी विषाणू बहुतेकांच्या अंगात लहानपणीच शिरतो आणि मूत्रपिंडात निपचित पडून राहतो. निम्म्याहून अधिक मोठ्या माणसांत त्याच्या खुणा सापडतात. चोपड्याच्या एसटीत तुमच्या शेजारी बसलेल्यातही. (१९७१ मध्ये ज्या रुग्णाच्या मेंदूत तो सापडला, त्याच्या नावाची आद्याक्षरं म्हणजे ‘जेसी’.) नॅटलिझुमॅब पांढऱ्या पेशींना मेंदूत शिरू देत नाही. त्यामुळे मूळ आजार आवरतो, पण मेंदूवरचा पहाराही सैल होतो आणि क्वचित हा विषाणू तिथे डोकं वर काढतो. यासाठी मराठीत नेमका वाक्प्रचार तयार आहे : उचल खाणे. जुना दमा पावसाळ्यात उचल खातो, तसंच.

तेव्हा मथळा असा करा : ‘मेंदूत विषाणूने उचल खाण्याची जोखीम किती, याचा अंदाज’. लांब झाला खरा, पण आईला वाचून दाखवता येईल. आणि रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ आलं तर तिला आधीच सांगून ठेवा, की त्याचा अर्थ विषाणूची ओळख अंगाला आहे एवढाच. मेंदूत विषाणूने उचल खाल्ली असा अर्थ तिथे नाही.