उगवणारा चंद्र मोठा का दिसतो?
उगवताना परातीएवढा दिसणारा चंद्र डोक्यावर आला की एवढासा का होतो? हवा भिंगासारखं काम करते, असं बरेच जण सांगतात. ते चूक आहे. चंद्र दोन्ही वेळा आकाशात साधारण अर्ध्या अंशाच्या कोनाएवढीच जागा व्यापतो. उलट क्षितिजावर असताना तो आपल्यापासून सुमारे ६,४०० किलोमीटर (पृथ्वीच्या त्रिज्येइतका) जास्त लांब असतो, म्हणजे किंचित लहानच!

करून बघा. एक डोळा मिटा, हात पूर्ण लांब करा आणि करंगळी चंद्रासमोर धरा. दोन्ही वेळा चंद्र नखाआड गडप. कागदाच्या सुरळीतून पाहिलं, तर क्षितिजावरच्या चंद्राचाही तोरा उतरतो.

मेंदू आकार नुसता मोजत नाही, अंतराचा अंदाज घेऊन ठरवतो. म्हणून तर लांब गेलेला माणूस आपल्याला बुटका वाटत नाही. क्षितिजाशी झाडं, टेकड्या दिसतात, चंद्र त्यांच्याही पलीकडे. मग ‘इतक्या लांबून एवढा दिसतोय म्हणजे मोठाच’ असा हिशेब होतो. सर्वात प्रचलित स्पष्टीकरण हेच, पण वाद मिटलेला नाही. कारण लोकांना विचारलं, तर बरेच जण म्हणतात, क्षितिजावरचा चंद्र जवळ वाटतो.