एका काडीत पेटणारं लाकूड

प्रश्न : आमचं गाव जांबोटीच्या अलीकडे. पावसाळ्यात सरपण ओलं असतं, सकाळी बंब पेटवण्यातच अर्धा तास जातो. रॉकेल मिळेनासं झाल्यापासून घरात दुधाच्या पिशव्या जाळून पेटवतात. थोरला मुलगा कुमाऊंला ट्रेकला गेला होता, त्यानं तिथून एक पिवळट लाकडाचा तुकडा आणलाय. पाण्यात बुडवून काढला तरी एका काडीत पेटला! हे कसलं लाकूड? आपल्या रानात मिळेल का? नाहीतर पूजेच्या दुकानातली राळ सरपणावर टाकली तर चालेल का?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : आधी त्या दुधाच्या पिशव्या बंद करा. बंबापुढं फुंकणी घेऊन बसणारी तुमच्या घरातली बाईच असणार, आणि तो धूर तिच्या छातीत जातो.

मुलानं आणलंय ते चिडाचं लाकूड, म्हणजे पाईनचं. (आपल्याकडं चीड म्हणजे राग, पण हे झाड गरीब आहे.) तिकडं अशा ढलप्यांना छिलुका म्हणतात आणि आतल्या चिकाला लीसा. झाडाला जखम झाली की ते राळ सोडतं. फांदीच्या बेचक्यात, गाठीत, तोडलेल्या झाडाच्या बुंध्यात ती मुरत जाते. बाहेरचं लाकूड कुजून जातं, राळ मुरलेला गाभा तेवढा उरतो. त्यात पाणी सहजी शिरत नाही, आणि आच लागली की आतल्या टर्पेंटाईनची वाफ होऊन तीच आधी पेट घेते.

आपल्या रानात ऐन आहे, किंजळ आहे, जांभा आहे, चीड नाही. सुरूची पानं सुयांसारखी दिसतात म्हणून फसू नका, ती चिडाची कुणी लागत नाही.

पण तुमचा छिलुका बेळगावातच पडलाय, उद्यमबागेत. आमच्या ह्यांचा तिथं लेथचा छोटा कारखाना होता. बाहेरदेशातून मशीन यायचं ते पाईनच्या खोक्यातून. मशीन बसलं की खोकं बंबाला. सगळ्याच फळ्यांत राळ नसते, गाठी बघायच्या. गाठीजवळचा तुकडा हातात जड लागतो, नख लावलं तर चिकटतं, आणि पातळ कपचा उजेडापुढं धरला तर गुळाच्या ढेपेसारखा तांबूस दिसतो. वास रंगाच्या दुकानाचा. फळीवर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह असलेला शिक्का बघा. त्यात इंग्रजी 'एचटी' असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवलेलं असतं, ते घ्या. 'एमबी' असेल तर त्याला विषारी वायूची धुरी दिलेली असते, ते घरात आणू नका. रंग लावलेलं, प्लायवूड, तेही नको.

गाठ कोयत्यानं बोटाएवढी चिरायची. एका टोकाला सुरीनं कुरळे कपचे काढायचे, पण तोडायचे नाहीत, काडीलाच लटकू द्यायचे. काडी त्या कपच्यांना लावायची. अशा दोन काड्या खाली, वर तुरकाट्या, मग ढलप्या. मोठं ओंडकं एकदम घातलंत तर छिलुका संपेल नि ओंडकं तसंच सुसू करत बसेल. ते ओलं आहे ते ओलंच राहणार. त्यासाठी दोन दिवसांचं सरपण चुलीजवळ आधी आणून ठेवायला हवं.

बंबाला हे उत्तम. भाकरीच्या चुलीला मात्र जपून. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात मी हुशारी केली. छिलुका भडकून जळत होता, ज्योत मोठी, वर काजळीची शेंडी. निखारे पडायची वाट न बघता मी भाकरी तव्यावरून काढून त्या जाळालाच लावली. टम्म फुगली, पण कडेला काळी. मामंजींनी घास तोंडात घातला, थांबले आणि म्हणाले, "आज भाकरीला ऑइलपेंट लावलीस काय गं?" तेव्हापासून छिलुका पूर्ण जळून, ऐनाचे निखारे पडल्याशिवाय मी तवा ठेवत नाही.

आता राळ. खडा निखाऱ्यावर टाकून धूप करतात ते ठीक. पण पूड करून जाळावर भिरकावू नका, भपकन् तोंडावर येते. तुमच्या भागात काजूची टरफलंही भरपूर. ती जोरात जळतात, पण तेल हाताला लागलं तर फोड येतात आणि धूर डोळ्याला झोंबतो. मी वापरत नाही. निलगिरीचा वाळलेला पाला मात्र चांगला, तडतड करत पेटतो. तो पावसाआधी पोत्यात भरून माळ्यावर टाका.

आणि मुलाला सांगा, पुढच्या वेळी तिकडून पोतं भरून आणू नकोस. तिथल्या रानाचं ते लाकूड, आणायला परवानगी लागते.