जास्वंदीला एकदम मोठी कुंडी द्यावी का?

तुमची जास्वंद 3 वर्षं 8 इंची कुंडीत आहे, पाणी घातलं की लगेच खालून निघून जातं, कळ्या उमलायच्या आधीच गळतात, आणि आता ती थेट 16 इंची कुंडीत लावू का, असं तुम्ही विचारलंय. कुंडी जरूर बदला, पण 16 इंची नको. 10 इंची घ्या.

मोठ्या कुंडीत झाड मोकळा श्वास घेईल असं वाटणं साहजिक आहे. होतं उलटंच. मुळं जिथवर पोचलेली नाहीत तिथली माती दिवसेंदिवस ओली राहते, कारण ते पाणी ओढून घ्यायला तिथं काहीच नसतं. वरचा थर सुकलेला दिसतो म्हणून आपण पुन्हा पाणी घालतो. ओल्या मातीत हवा उरत नाही आणि मुळं कुजतात. माझा एक जुना मोगरा मी असाच घालवला. काढून बघितलं तर मुळं तपकिरी पडली होती; एक चिमटीत धरून ओढलं तर वरची साल निसटून हातात आली आणि आत नुसता दोरा राहिला. फार वाईट वाटलं होतं. तेव्हापासून एका वेळी 2 इंच, त्याच्यावर जात नाही.

आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या, म्हणजे मातीचा गोळा न फुटता अख्खा निघेल. खोड बोटांच्या बेचक्यात धरून कुंडी उलटी करा आणि तिचा काठ कशावर तरी हलकेच आपटा. खोड धरून उपटू नका.

आता जे दिसेल त्याकडे नीट बघा. 3 वर्षांच्या झाडाची मुळं बहुधा काथ्याच्या पायपुसण्यासारखी गोल गोल गुंडाळलेली असतील आणि तळाशी त्यांची चकती झाली असेल. तुमचं पाणी थांबत नाही ते यामुळेच: आत माती कमी आणि मुळं जास्त. हा गोळा जसाच्या तसा नव्या कुंडीत ठेवला, तर मुळं तशीच गोल फिरत राहतात आणि बाजूची नवी माती रिकामी पडून राहते. म्हणून तळाची चकती धारदार सुरीने कापून टाका, बाजूने 3-4 उभे काप द्या आणि बाकीची मुळं बोटांनी मोकळी करा. हात कचरेल, पण जास्वंद हे सोसते. निरोगी मुळं पांढरट आणि टणक असतात; काळी, लिबलिबीत दिसतील तेवढी काढून टाका.

तळाला खडीचा थर देऊ नका. त्याने निचरा सुधारत नाही, ओल राहणारा थर उलट वर, मुळांजवळ सरकतो. भोकावर एक खापरी किंवा जाळीचा तुकडा पुरे. माती, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि भुसभुशीतपणासाठी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा जाड वाळू एवढं मिश्रण चालतं. खोड आधी जितकं मातीत होतं तितकंच ठेवा, आणि वर दीड इंच जागा सोडा, नाहीतर पाणी काठावरून वाहून जाईल.

मुळं कापलीत तर शेंडेही थोडे छाटा. जास्वंदीला फूल नव्या फुटीवरच येतं, त्यामुळे नुकसान काहीच नाही. छाटताना कळ्यांच्या देठाशी आणि पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काही दिसतंय का तेही बघा. ती मिलीबग नावाची कीड असेल तर कुंडी बदलूनही कळ्या गळतच राहतील.

लावल्यावर खालून पाणी येईपर्यंत पाणी द्या आणि 8-10 दिवस उजेडाच्या सावलीत ठेवा. काही पानं पिवळी पडून गळतील. त्याला घाबरून रोज पाणी घालू नका. बोट 1 इंच मातीत खुपसा, कोरडं लागलं तरच घाला. आणि महिनाभर वरून खत देऊ नका, कापलेल्या मुळांना ते झेपत नाही. नवी पालवी दिसायला लागली की हळूहळू उन्हात सरकवा.