नागीण बरी झाली, पण आग काही जात नाही. आईला रोजच्या रोज आराम कशाने पडेल?

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काज-बटण बाजूला ठेवून लिहायला बसले. आई बासष्टची, धुळ्याजवळच्या खेड्यात राहते, फेब्रुवारीत उजव्या बाजूला नागीण झाली. फोड केव्हाच सुकले, पण पाच महिने झाले तरी पाठीपासून छातीखालपर्यंत आग होते, पदर घासला तरी किंचाळते, दुखण्याच्या नेहमीच्या गोळ्यांनी फरक नाही. आणि घरचे म्हणतात, कातडी तर साफ आहे, मनाचंच असेल.

मनाचं नाही. हे आईला आधी सांगा, बाकीचं मग.

मी अमळनेरची, तीस वर्षं ब्लाऊज शिवते. 2021 च्या दिवाळीच्या तोंडावर, म्हणजे टेलरला जेवायला वेळ नसतो त्या दिवसांत, डाव्या खवाट्याखाली कळ सुरू झाली. वाटलं मशीनवर वाकून वाकून पाठ धरली असेल. मग ती कळ छातीकडे आली, घरात घाबरगुंडी, ईसीजी काढला, तो चांगला. तिसऱ्या दिवशी फोड दिसले. शेजारणीने एका गावी नागीण उतरवून देणाऱ्याकडे नेलं. त्याने गेरू लावला, मंत्र म्हटला, तिखट-तेल बंद करायला सांगितलं. त्यात चार दिवस गेले. कातडीच्या डॉक्टरांकडे पोचले तेव्हा ते म्हणाले, नागिणीच्या विषाणूवरच्या गोळ्या फोड दिसल्यापासून 72 तासांत सुरू झाल्या तर जास्त लागू पडतात. तुमच्या आईच्या बाबतीत ती वेळ गेली, माझ्याही बाबतीत गेली होती. कोणी पुन्हा विचारलं तर सांगता यावं म्हणून लिहिलं.

आपल्याकडे एक भीती घालतात, नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो. आईच्या मनात ती अजून असेल तर काढून टाका. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू पाठीच्या कण्याजवळ मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षं झोपून राहतो, वय झालं किंवा अंगातली ताकद कमी झाली की उठतो आणि त्याच एका शिरेच्या, म्हणजे मज्जातंतूच्या, वाटेने कातडीवर येतो. ती शीर अंगाच्या एकाच बाजूला जाते, म्हणून पट्टा मधोमध थांबतो. कातडी भरून येते, पण आतली ती वाट बिघडलेली राहते, आणि काही झालेलं नसताना मेंदूला "भाजलं, भाजलं" अशी खबर देत राहते. फोड गेल्यावर तीन महिन्यांच्या पुढे हे चाललं की त्याला डॉक्टरी नाव आहे, पोस्ट हर्पेटिक न्यूराल्जिया. आमच्या सासूबाईंना हे नाव पाठ झालं तेव्हा कुठे त्या थांबल्या. तोवर रोज म्हणायच्या, "आठे ते काहीच दिखत नही, मंग दुखस काय?"

साध्या गोळ्या का लागत नाहीत तेही यातच आलं. पॅरासिटामॉल किंवा डायक्लोफिनॅक सुजेच्या, लचकण्याच्या दुखण्याची औषधं. मी महिनाभर मेडिकलमधून आणून डायक्लोफिनॅक खाल्लं, पोटाची वाट लागली, आग तशीच. शिरेच्या दुखण्याला गॅबापेंटिन, प्रिगॅबालिन, नाहीतर अगदी कमी डोसात अमिट्रिप्टिलीन अशी वेगळी औषधं देतात. आईचा डोस तिचे डॉक्टर ठरवतील, पण तीन गोष्टी तुम्ही विचारा. किडनीची तपासणी झाली का, कारण गॅबापेंटिन-प्रिगॅबालिनचा डोस त्यावर ठरतो. साखर पाहिली का. आणि गोळी रात्री द्यायची का, कारण सुरुवातीला गुंगी येते. मला रात्री 300 मिलिग्रॅम गॅबापेंटिन सुरू केलं होतं, पहिल्या आठवड्यात पहाटे मोरीत तोल जाऊन नळाला डोकं आपटलं. आईला म्हणावं, उठताना आधी खाटेच्या काठावर मिनिटभर बस. अमिट्रिप्टिलीन दिली तर तोंड कोरडं पडेल, पोट साफ होणार नाही. आणि मेडिकलवाला किंवा एखादा शिकलेला पुतण्या म्हणेल, ही तर डिप्रेशनची गोळी. असू दे. 10 मिलिग्रॅममध्ये ती शिरेच्या दुखण्यासाठीच देतात.

दोन-तीन आठवडे धीर धरावा लागतो, डोस हळूहळू वाढवतात. मी कंटाळून शिरपूरच्या एका लग्नात दोन दिवस गोळी घेतलीच नाही, हळदीच्या रात्री घामाघूम होऊन जागी बसले. या गोळ्या एकदम तोडायच्या नाहीत, कमी करायच्या तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून पायरीपायरीने.

आता माझ्या धंद्यातलं सांगते, कारण तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त लागलं ते पदराचं. या दुखण्याची एक विचित्र गंमत आहे (गंमत म्हणजे ज्याला नाही त्याला). हलका, फिरता स्पर्श सहन होत नाही, पण घट्ट, न हलणारा स्पर्श सहन होतो. फॅनचा वारा लागला तरी जीव जायचा, पण तोच भाग तळहाताने दाबून धरला की बरं वाटायचं. म्हणून आईला "सैल कपडे घाल" असं कोणी सांगितलं असेल तर ते अर्धंच खरं. सैल कपडा दिवसभर हलतो, घासतो.

मी काय केलं सांगते. माझा पट्टा डाव्या बगलेखालून जायचा, आणि ब्लाऊजची बगलेतली शिवण नेमकी त्यावर यायची. तिथे चार पदरी कापड, मार्जिन, त्यावर दोऱ्याच्या गाठी. एका रात्री जुना ब्लाऊज उलटा करून घातला, शिवणी बाहेर, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा अर्धा तास शांत बसले. मग स्वतःसाठी चार ब्लाऊज तसेच शिवले. बगलेची शिवण पुढे दोन बोटं सरकवली, दुखऱ्या बाजूचा टक्स काढून टाकला, मुंढा खोल केला, हूक पट्टी दुसऱ्या बाजूला नेली, आतून अखंड मलमलचं अस्तर, त्याला तिथे जोडच नाही. बाहेरून ब्लाऊजचं नेहमीचं टू बाय टू रुबिया कापड, कोणाला कळत नाही. खाली ब्रा नाहीच. त्याऐवजी जुन्या वायलच्या साडीचा वीतभर रुंद पट्टा छातीभोवती बऱ्यापैकी घट्ट, पण श्वास अडणार नाही इतपत गुंडाळायचा. पदर उजव्या खांद्यावरून घ्यायचा की डाव्या, हेही बदलून पाहायचं. तुमच्या आईचं उजवीकडे आहे, म्हणजे उलट्या पदराचा गुजराती साडीचा प्रकार टाळा.

पुढे एका फिजिओथेरपिस्टने एक सांगितलं, ते मला टेलर म्हणून फार आवडलं. चिंध्यांचा डबा घेऊन बसायचं. आधी सॅटिनचा तुकडा, दुखऱ्या जागेच्या कडेने हळूच फिरवायचा, पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. तो सहन व्हायला लागला की मलमल, मग पॉपलिन, मग खादी, शेवटी टॉवेल. शिरेला शिकवायचं की हे कापड आहे, विस्तव नाही. मला सॅटिनवरून टॉवेलपर्यंत यायला जवळजवळ चार महिने लागले, मध्ये पंधरा दिवस खादीवरच अडकले. आग वाढली की एक कापड मागे यायचं.

उन्हाळ्याचं वेगळं लिहावं लागेल, जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या वर जातो तेव्हा घामाचं मीठ त्या जागेवर चरचरतं. फॅन अंगावर घ्यायचा नाही, भिंतीकडे तोंड करायचं. साध्या पाण्यात पिळलेला रुमाल दाबून धरायचा, बर्फ थेट कधीच नाही. काहींना गार चालतं, काहींना गारानेच कळ येते, आईलाच विचारून बघा. रात्री चादर अंगाला लागू नये म्हणून मी मच्छरदाणीच्या दांड्यांवर चादर टाकायचे, आत मोकळी झोपायचे.

शेकाबद्दल मात्र कडक बोलते. तव्यावरच्या वाळूचा शेक, बिब्बा, डाग देणं, यातलं काही करू देऊ नका. त्या भागात कधी कधी खरी संवेदना कमी झालेली असते, भाजतंय ते कळतच नाही, आणि बिब्ब्याने तर चांगली कातडी उतते. माझ्या एका गिऱ्हाईक बाईला आग थांबली नाहीच, वर जखम झाली.

लावायच्या औषधात दोन आहेत. एक लिडोकेनची पट्टी, बारा तास लावायची, बारा तास काढून ठेवायची, फक्त अखंड कातडीवर. कात्रीने हव्या आकारात कापता येते (हे काम माझं!). महाग पडते, म्हणून मी लग्नकार्याला आणि एसटीच्या प्रवासालाच वापरायचे. दुसरं कॅप्सेसिनचं मलम, म्हणजे मिरचीतलं तिखट. नंदुरबारच्या मिरचीच्या माणसांना हसू येईल, पण काम तेच करतं. कॅप्सेसिन शिरेच्या टोकांना इतकं पेटवतं की ती शेवटी थकून गप्प बसतात. माझी मुलगी तेव्हा जळगावला बी.एस्सी. करत होती, तिनं सांगितलं की त्याच साली, 2021 ला, वैद्यकाचं नोबेल मिळालेल्या दोघांपैकी डेव्हिड ज्युलियस यांनी तिखटाचं हेच द्रव्य वापरून शिरेच्या टोकांतला आग ओळखणारा भाग शोधला. पहिला आठवडा मात्र आग वाढते, हे आईला आधी सांगितलं नाही तर ती ट्यूब उकिरड्यावर टाकेल. लावल्यावर हात साबणाने धुवायचे, डोळ्याला लावायचा नाही. आणि हौसेने घरची मिरची वाटून लावायची नाही, ते वेगळंच प्रकरण होईल.

मी आज कशी आहे विचाराल तर आग गेली म्हणत नाही. पहिल्या वर्षी दहात आठ-नऊ असायची, दीड वर्षाने तीनवर आली, आता ढगाळ हवा, जागरण किंवा जास्त वेळ मशीन झालं की कुरकुर करते. वीस मिनिटं शिवते, उठते, पुन्हा बसते. काज करताना मात्र दुखणं विसरते, लक्ष सुईत असतं. आईच्या हाताला काय काम आवडतं ते द्या. बिबडे, गोधडी, काहीही, पण बसल्या जागी आणि तुकड्या-तुकड्याने. रात्र वाईट असते. आई "जगून काय करू" असं बोलायला लागली तर ते टोमणा समजू नका, डॉक्टरांना सांगा. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी मदतीचा, फोन फुकट आहे, मराठीतही बोलतात. आणि कधी नवे फोड डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर आले तर त्याच दिवशी डोळ्याचे डॉक्टर.

नागिणीची लस भारतात 2023 पासून मिळते, शिंग्रिक्स नाव, पन्नाशीनंतर दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. आत्ताची आग तिने जाणार नाही, पुन्हा होऊ नये म्हणून असते. आईसाठी डॉक्टरांना विचारा, आणि तुमच्या बाबांचंही विचारून घ्या.

येत्या सुटीत गावी जाल तेव्हा अडीच मीटर मलमल घेऊन जा आणि गावच्या टेलरला हे सगळं समजावून सांगा. तो म्हणेल, शिवण बाहेर कशी चालेल, लोक हसतील. आईचा जुना, अंगाला बसलेला ब्लाऊज त्याच्यापुढे उलटा करून ठेवा आणि कुठे नको ते खडूने दाखवा. आणि कापड शिवायच्या आधी गरम पाण्यात दोनदा धुऊन घ्या. नव्या मलमलची खळ राहिली तर तेच कापड अंगात करवतीसारखं फिरतं.